४० किलोहर्ट्झचा पिझो ट्रान्सड्यूसर पाण्यात काहीच करत नाहीये, ड्रायव्हर कसा असावा?

शाईदौत

नमस्कार मंडळी,

फाउंटन पेनच्या फीडमध्ये (निबखालचा, शाई पोचवणारा भाग) वाळून बसलेली शाई काढायला एक छोटं अल्ट्रासॉनिक भांडं स्वतःच करायला घेतलंय. फीडच्या बारीक खाचांत ब्रश पोचत नाही आणि नुसतं भिजत घालून जुनी काळी शाई पूर्ण सुटत नाही.

हाताशी आहे ते असं: '४० किलोहर्ट्झ, ६० वॅट' लिहिलेला बोल्टवाला ट्रान्सड्यूसर, म्हणजे विजेवर कंप पावणारी वस्तू (पुढे ॲल्युमिनियमचा पसरट भाग, मागे स्टील, मध्ये सिरॅमिकच्या दोन चकत्या), स्टेनलेस स्टीलचं लिटरभराचं भांडं, फंक्शन जनरेटर, दोन चॅनलचा स्कोप. १२ व्होल्टवर चालणारा साधा हाफ ब्रिज (दोन मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, आळीपाळीने चालू-बंद करणारं सर्किट) जोडला, फ्रिक्वेन्सी बरोबर ४०.०० वर ठेवली आणि ट्रान्सड्यूसरचं तोंड पाण्यात बुडवलं. पाण्यावर साधी थरथरही नाही.

ट्रान्सड्यूसर गेलेला आहे की सर्किट चुकतंय? आणि तपासायचं कसं?

लोलक

ट्रान्सड्यूसर बहुधा धडधाकट आहे, सर्किटही. दोन गोष्टी कमी पडताहेत: व्होल्टेज आणि नेमकी फ्रिक्वेन्सी. आधी व्होल्टेजचं बघू, कारण ते गणित दोन ओळींत संपतं.

हा ट्रान्सड्यूसर पाण्याचा भार घेऊन स्वतःच्या अनुनादावर (ज्या फ्रिक्वेन्सीला तो सर्वांत जोरात कंप पावतो तिथे) चालतो तेव्हा ड्रायव्हरला तो काहीशे ओहमच्या रोधासारखा दिसतो. हिशोबाला ५०० धरू. १२ व्होल्टचा हाफ ब्रिज म्हणजे अधिक-उणे ६ व्होल्टची चौकोनी लाट, तिच्यातला मूळ फ्रिक्वेन्सीचा भाग साधारण ५.४ व्होल्ट आरएमएस. ५०० ओहममध्ये त्याचे होतात ०.०६ वॅट. ६० वॅटच्या वस्तूला तुम्ही एक हजारांश खाऊ घालताय. ५०० ओहममध्ये ५० वॅट घालायचे तर जवळपास १६० व्होल्ट आरएमएस लागतील.

पाण्याच्या बाजूने बघितलं तरी उत्तर तेच येतं. शाई सुटते ती पाणी हललं म्हणून नव्हे, कॅव्हिटेशनमुळे. लाटेच्या उणे दाबाच्या अर्ध्या भागात पाण्यातले सूक्ष्म वायुकण फुगतात आणि अधिक दाबाच्या अर्ध्या भागात धाडकन मिटतात. खाचेच्या भिंतीजवळ मिटणारा बुडबुडा भिंतीच्या दिशेने पाण्याची बारीक चिळकांडी मारतो. शाईचा थर निघतो तो तिच्या माऱ्याने. हे घडायला दाबाची चढउतार ढोबळमानाने वातावरणाच्या दाबाइतकी तरी लागते. पुढे जाणाऱ्या लाटेत तेवढा दाब म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण पाव ते अर्धा वॅट. त्याखाली पाणी नुसतं ध्वनी वाहून नेतं, बाहेरून काही दिसत नाही.

यात चकित करणारी गोष्ट म्हणजे हालचाल किती लहान असते. चौरस सेंटिमीटरला १ वॅट देताना ४० किलोहर्ट्झला ट्रान्सड्यूसरचं तोंड मधल्या जागेपासून जेमतेम अर्धा मायक्रोमीटर पुढेमागे होतं. त्यामुळे 'थरथर दिसत नाही' ही खूण तपासणीला निरुपयोगी आहे. चालू आहे की नाही ते स्कोपवर करंट बघून ठरवायचं.

आता फ्रिक्वेन्सी. लेबलवरचा ४० हा आकडा नावापुरता. एकाच खोक्यातले दोन ट्रान्सड्यूसर शे-दोनशे हर्ट्झने वेगळे निघतात, आणि भांड्याला चिकटवल्यावर, पाणी भरल्यावर, पाणी तापल्यावर आकडा पुन्हा हलतो. हवेत मोकळा ठेवलेला असा ट्रान्सड्यूसर फार तीक्ष्ण असतो, अनुनादाची रुंदी शंभरेक हर्ट्झची. तुम्ही ४०.०० वर उभ्या आहात आणि शिखर ३९.७ वर असेल तर तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आहात.

मोजायची पद्धत: फंक्शन जनरेटरच्या आउटपुटला १०० ओहमचा रोध आणि ट्रान्सड्यूसर एकामागे एक जोडा. रोध जमिनीच्या बाजूला ठेवा म्हणजे स्कोपच्या एका चॅनलवर करंट दिसेल, दुसऱ्यावर जनरेटरचं व्होल्टेज. साइन लाट, काही व्होल्ट पुरेत. ३८ पासून ४३ किलोहर्ट्झपर्यंत जा, पण दहा-दहा हर्ट्झच्या पायऱ्यांनी. मोठ्या पायऱ्या घेतल्या तर शिखर ओलांडून पुढे गेल्याचं कळणारही नाही. करंट सर्वांत जास्त होतो तिथे सीरिज अनुनाद. थोडं पुढे गेलं की करंट अगदी तळाला जाईल, तो पॅरलल अनुनाद. दोन्ही दिसले तर तुमचा ट्रान्सड्यूसर जिवंत आहे.

तांब्याचीतार

लोलक यांनी सांगितलंय तसं आधी मोजाच. मी पुढचं सांगतो, कारण याच टप्प्यावर लोक व्होल्टेज वाढवतात आणि मॉस्फेट जाळतात.

ट्रान्सड्यूसरचं समतुल्य सर्किट डोळ्यांसमोर ठेवा. दोन फांद्या समांतर आहेत. एकीत इंडक्टर, कपॅसिटर आणि रोध एकामागे एक: हा यांत्रिक भाग, म्हणजे वस्तुमान, स्प्रिंग, आणि पाण्यात जाणारी शक्ती. दुसरीत नुसता कपॅसिटर, कारण चकत्या आणि मधल्या धातूच्या पट्ट्या मिळून खराखुरा कपॅसिटर बनतो. तुमच्या आकाराच्या ट्रान्सड्यूसरमध्ये तो साधारण ४ नॅनोफॅरड असतो. अनुनादावर पहिल्या फांदीतले इंडक्टर आणि कपॅसिटर एकमेकांना खाऊन टाकतात, रोध उरतो. दुसऱ्या फांदीचा कपॅसिटर मात्र कुठेच जात नाही. ४० किलोहर्ट्झला त्याचा इम्पीडन्स (उलटसुलट वाहणाऱ्या करंटला होणारा अडथळा) जवळपास १००० ओहम.

चौकोनी लाट थेट त्या कपॅसिटरवर आपटली तर प्रत्येक फेरीत तो मॉस्फेटमधूनच भरतो आणि मॉस्फेटमधूनच रिकामा होतो. ३०० व्होल्टच्या हाफ ब्रिजला, ४ नॅनोफॅरडला, ४० किलोहर्ट्झला ही उधळपट्टी १४ वॅटच्या वर जाते. पाण्यात एक बुडबुडा उठायच्या आधी एवढी उष्णता हीटसिंकला.

कुतूहल

माझ्याकडे हुबेहूब हेच होतंय! मेन्सवरून रेक्टिफाय केलेले ३०० व्होल्ट, आयआरएफ ८४० ची जोडी, ट्रान्सड्यूसर थेट जोडलेला. मॉस्फेटला हात लावता येत नाही आणि पाणी थंडगार. मी ड्रायव्हर आयसीवर संशय घेत होतो.

तांब्याचीतार

@कुतूहल, आयसीचा काही संबंध नाही. ट्रान्सड्यूसरच्या मालिकेत इंडक्टर टाका. तो तीन कामं करतो: कपॅसिटरचा झटका अडवतो, चौकोनी लाटेतले वरचे हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले भाग) बाहेर ठेवतो, आणि ड्रायव्हरला कपॅसिटिव्हऐवजी जवळजवळ निखळ रोध दाखवतो. भार किंचित इंडक्टिव्ह राहिला तर आणखी उत्तम. डेड टाइममध्ये (दोन्ही मॉस्फेट बंद असतात त्या क्षणात) इंडक्टरचा करंटच पुढच्या मॉस्फेटवरचं व्होल्टेज खाली आणून ठेवतो आणि तो शून्य व्होल्टवर चालू होतो. पण पहिली गोष्ट: स्कोपची जमीन त्या सर्किटला लावू नका. तो भाग मेन्सला जिवंत जोडलेला आहे. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय पाण्याच्या भांड्याशेजारी असं सर्किट ठेवूच नये, हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

इंडक्टरची किंमत अंदाजाने नको. समांतर कपॅसिटर आणि भाराचा रोध यांना मालिकेच्या रूपात बदला. ४ नॅनोफॅरड आणि ५०० ओहम असेल तर मालिकेत सुमारे ४०० ओहम रोध आणि २०० ओहमची कपॅसिटिव्ह बाजू मिळते. ती २०० ओहमची बाजू ४० किलोहर्ट्झला रद्द करायला ०.८ मिलिहेन्री लागतात. मग ३०० व्होल्टच्या हाफ ब्रिजचा मूळ भाग १३५ व्होल्ट आरएमएस, ४०० ओहममध्ये ४५ वॅट. ६० वॅटच्या ट्रान्सड्यूसरला अगदी योग्य.

@शाईदौत, तुम्ही मात्र मेन्सच्या वाटेला जाऊ नका. २४ व्होल्टचा तयार, आयसोलेटेड सप्लाय घ्या, चार मॉस्फेटचा फुल ब्रिज करा आणि १:६ चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर. फुल ब्रिजमधून २१.६ व्होल्ट आरएमएस मूळ भाग, सहापट केला की १३० व्होल्ट, म्हणजे ४० वॅटच्या थोडं वर. ईटीडी ३४ फेराइट कोअरवर प्रायमरीचे १२ वेढे, सेकंडरीचे ७२. फ्लक्स ०.१३ टेस्लाच्या आत राहतो, कोअर कोमटही होणार नाही. प्रायमरीच्या मालिकेत काही मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर ठेवा, नाहीतर दोन अर्ध्या लाटांतल्या किंचित फरकाने कोअर हळूहळू एका बाजूला सरकत संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासा होतो.

इंडक्टर सेकंडरीच्या बाजूला. करंट अर्ध्या अँपियरच्या शिखरापर्यंत जाईल, तरी कोअर १ अँपियरला संपृक्त होणार नाही असा निवडा. फेराइटला हवेची फट लागेलच. बंद टोरॉइडवर असेच वेढे मारले तर इंडक्टन्स मीटरवर सुंदर दिसतो आणि करंट वाहायला लागला की गायब होतो. तार शक्यतो अनेक पदरी लिट्झ.

ट्रान्सड्यूसरच्या मधल्या पट्टीला व्होल्टेजचं टोक, बाहेरच्या धातूच्या अंगाला सेकंडरीचं दुसरं टोक, आणि ते भांड्यासकट अर्थला. दोन्ही टोकांमध्ये १ मेगाओहमचा रोध कायमचा ठेवून द्या. सिरॅमिक तापलं किंवा त्यावर दाब आला तरी त्यावर विद्युतभार साठतो. गोंद सुकवायला ट्रान्सड्यूसर गरम केला आणि टोकं मोकळी असली तर बोटाला चांगला चटका बसतो.

गारगोटी

तांत्रिक चर्चेत थोडी भर इतिहासाची, कारण हा धागा ज्या दोन गोष्टींवर उभा आहे त्या एकाच काळातल्या आहेत.

दाबल्यावर स्फटिकावर विद्युतभार येतो हे जाक आणि प्येर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं. उलट परिणाम, म्हणजे व्होल्टेज दिलं की स्फटिक आकार बदलेल, हे गॅब्रिएल लिपमन यांनी १८८१ मध्ये सिद्धांतावरून सांगितलं आणि क्युरी बंधूंनी त्याच वर्षी प्रयोगाने पडताळलं. मग बरीच वर्षं त्याचा उपयोग मुख्यतः मापनयंत्रांपुरताच राहिला. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी १९१७ च्या सुमारास क्वार्ट्झचे तुकडे दोन पोलादी पाट्यांमध्ये बसवून पाण्यात श्राव्यातीत ध्वनी सोडला. शाईदौत यांच्या हातात आहे तो बोल्टवाला प्रकार त्याच रचनेचा वंशज. क्वार्ट्झच्या जागी पीझेडटी (लेड झिरकोनेट टायटनेट) सिरॅमिक आलं आणि चिकटवण्याच्या जागी बोल्ट.

आणि १९१७ मध्येच लॉर्ड रॅली यांनी द्रवातली गोलाकार पोकळी मिटताना किती दाब तयार होतो याचं गणित मांडलं. त्यामागचा प्रश्न जहाजांच्या पंख्यांची झीज का होते हा होता. जे पंखे कुरतडतं तेच इथे शाई काढणार आहे, हे मला फार आवडतं.

बोल्टचं महत्त्वही इथेच सांगतो. सिरॅमिक दाब उत्तम सोसतं, ताण मात्र फार कमी. बोल्ट आवळून चकत्यांना आधीच इतकं दाबून ठेवलेलं असतं की कंपनाच्या ताणाच्या अर्ध्या फेरीतही त्या दाबाखालीच राहतात. म्हणून तो बोल्ट चुकूनही सैल करू नका. पुन्हा आवळला तरी मूळचा दाब आणि मूळची फ्रिक्वेन्सी परत येईलच असं नाही.

कुतूहल

गारगोटी, छान माहिती. माझे दोन पोटप्रश्न आहेत. माझ्याकडे धुकं करायच्या यंत्रातली २० मिलिमीटरची चकती आहे, १.७ मेगाहर्ट्झची. आणि अंतर मोजायच्या एचसी-एसआर०४ मधले ४० किलोहर्ट्झचे दोन डबेही. यांनी सफाई होईल का?

लोलक

दोन्हींचं उत्तर नाही, पण कारणं वेगवेगळी आहेत.

अंतर मोजायचे डबे हवेसाठी बनवलेले. हवेचा ध्वनी इम्पीडन्स पाण्याच्या साडेतीन हजारांश इतका, त्यामुळे सरळ सपाट पृष्ठभागावर हवेतून पाण्यात ऊर्जेचा हजारातला एक भागच जातो. हवेशी जुळावं म्हणून त्या डब्यांत पातळ पत्र्याची वाकणारी रचना आणि हलका शंकू असतो. मोठी हालचाल, नगण्य जोर. पाण्याला लागतो तो नेमका उलटा प्रकार: हालचाल लहान आणि जोर प्रचंड. बोल्टवाला ट्रान्सड्यूसर हेच देतो.

धुक्याची चकती पाण्याचीच आहे, पण वेगळ्या कामाची. १.२ मिलिमीटर जाडीचं सिरॅमिक जाडीच्या दिशेने अर्ध्या लाटेवर कंप पावतं म्हणून १.७ मेगाहर्ट्झ. त्या फ्रिक्वेन्सीला पाण्यातली तरंगलांबी मिलिमीटरपेक्षा कमी, शलाका सरळ वर जाते, पाण्याचा पृष्ठभाग कारंज्यासारखा उचलते आणि तिथे उठणाऱ्या सूक्ष्म लहरींच्या माथ्यावरून काही मायक्रोमीटरचे थेंब सुटतात. कॅव्हिटेशनसाठी इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला बराच जास्त दाब लागतो, कारण बुडबुड्याला फुगायला वेळच मिळत नाही. ४० किलोहर्ट्झला अनुनादी बुडबुड्याची त्रिज्या ८० मायक्रोमीटरच्या आसपास असते, मेगाहर्ट्झला एक-दोन मायक्रोमीटर. लहान बुडबुड्याचा फटकाही लहान. आणि ती चकती पाण्याविना चालवू नका. पाणीच तिची उष्णता घेऊन जातं, कोरडी राहिली की क्षणांत तडकते.

जलतरंग

प्रयोगशाळेत अशी भांडी रोज वापरते, म्हणून पाण्याच्या बाजूचं लिहिते. ड्रायव्हर कितीही चांगला केला तरी इथे गाडं अडतं.

नळाचं ताजं पाणी विरघळलेल्या हवेने भरलेलं असतं. आवाज सुरू केला की आधी ती हवा मोठ्या बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. हे बुडबुडे मिटत नाहीत, मऊ उशीसारखे मध्ये राहून ध्वनी गिळतात. म्हणून पाणी भरल्यावर पंधराएक मिनिटं रिकामं चालवा, मग वस्तू घाला. आधी उकळून निववलेलं पाणी असेल तर काम पटकन होतं. साबणाचे एक-दोन थेंब पृष्ठताण कमी करतात आणि खाचा नीट ओल्या होतात. यंत्राचे धातूचे भाग ५० ते ६० अंशांना उत्तम साफ होतात, पण पेनांसाठी कोमटच बरं.

अल्कोहोल किंवा कुठलाही पेट घेणारा द्रव थेट भांड्यात कधीही नको. भांडं तापतं, वाफ होते, आणि शेजारी वीज आहे. शिवाय अल्कोहोलने पेनांचं काही प्लास्टिक तडकतं.

चिकटवताना भांड्याचा तळ सपाट आहे ना बघा. ट्रान्सड्यूसरच्या तोंडापेक्षा मोठा सपाट भाग हवा. दोन्ही पृष्ठभाग सँडपेपरने खरवडून, ग्रीस पूर्ण काढून, कडक होणारं इपॉक्सी पातळ थरात. थरात हवेचा फुगा राहिला तर तेवढा भाग मुका. रबरासारखा लवचिक सिलिकोन गोंद चालत नाही, तो सगळी हालचाल स्वतःच पितो.

चाचणीसाठी ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा उभा धरा, हाताने नव्हे, चिमट्याने. मिनिटभरात त्यावर बारीक खड्डे आणि भोकं पडली तर कॅव्हिटेशन होतंय. भोकं कुठे आहेत तेही बघा, त्यावरून भांड्यातला ध्वनी कसा पसरलाय ते कळतं.

शाईदौत

इतकं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. मोजणी केली.

हवेत मोकळ्या ट्रान्सड्यूसरचं शिखर ३९.६८ किलोहर्ट्झला, अगदी सुईसारखं. दहा हर्ट्झच्या पायऱ्या घेतल्या म्हणूनच सापडलं. जलतरंगताईंनी सांगितलं तसं भांड्याला चिकटवून, इपॉक्सी पूर्ण सुकू देऊन, पाणी भरून पुन्हा मोजलं तर चित्रच बदललं. एका सुईच्या जागी दोन-तीन बुटक्या टेकड्या, सर्वांत उंच ४०.४ च्या आसपास. तिथे रोध ४३० ओहम येतोय. एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला कपॅसिटन्स ४.१ नॅनोफॅरड.

या तीन टेकड्यांचं काय करायचं? आणि ड्रायव्हरने फ्रिक्वेन्सी आपोआप धरून ठेवायला मी ४०४६ आयसीचा फेज लॉक लूप (दोन लाटांची फेज, म्हणजे पुढेमागेपण, जुळवून ठेवणारं सर्किट) वापरणार होते, ते बरोबर आहे का?

लोलक

टेकड्या भांड्याच्या आहेत. तळाचा पत्रा, कडा, पाण्याचा स्तंभ, सगळे आपापले अनुनाद घेऊन या जोडणीत सामील होतात. आता 'ट्रान्सड्यूसरचा अनुनाद' अशी वेगळी गोष्ट उरलेली नाही, ट्रान्सड्यूसर, भांडं आणि पाणी मिळून एकच कंपक आहे. ड्रायव्हर या तिघांसाठी करायचा, लेबलसाठी नाही. पाण्याची उंची एखाद्या सेंटिमीटरने बदलून बघा, टेकड्या सरकतील. जी उंची वापरणार तिथे भांड्यावर खूण करून घ्या.

१ किलोहर्ट्झला मोजलेला कपॅसिटन्स थोडा जास्त दिसतो, कारण तिथे यांत्रिक फांदीचा कपॅसिटरही त्यात मिसळतो. ४ धरा. ४३० ओहमसाठी मालिकेतला इंडक्टर ०.६ मिलिहेन्रीच्या जवळ येईल.

फेज लॉकबाबत मात्र सावध करतो. ४०४६ व्होल्टेज आणि करंट यांच्यातली फेज शून्य करू बघतो. हवेत हे चोख चालतं. पण समांतर कपॅसिटर नेहमी करंटला पुढे ओढत असतो, आणि भार वाढून रोध जसा चढतो तशी यांत्रिक फांदीची त्याला परतवायची ताकद कमी होते. रोध कपॅसिटरच्या इम्पीडन्सच्या निम्म्याहून वर गेला की फेज शून्याला शिवतच नाही. तुमच्या बाबतीत ती हद्द ५०० ओहमच्या जवळ, आणि तुम्ही ४३० वर आहात. पाणी थोडं वाढलं, साबण पडला, की लूप जमिनीवरून पाय सुटल्यासारखा एका टोकाला पळेल.

तांब्याचीतार

माझं इथे वेगळं मत आहे. लॉक सोडून द्यायची गरज नाही. ट्रान्सड्यूसरच्या समांतर ४ मिलिहेन्रीचा इंडक्टर लावा. ४० किलोहर्ट्झला तो ४ नॅनोफॅरडला नेमका रद्द करतो, उरते ती फक्त यांत्रिक फांदी, आणि फेज पुन्हा शून्यातून जाते. मग मालिकेतला इंडक्टर लागतो तो हार्मोनिक अडवण्यापुरता.

लोलक

हॉर्न (कंपन वाढवणारा निमुळता दांडा) असलेल्या २० किलोहर्ट्झच्या प्रोबला मी नक्की तसंच करेन. तिथे अनुनाद एकच, तीक्ष्ण, आणि टोक द्रवात खाली-वर झालं की भार सारखा बदलतो. तिथे लॉकशिवाय पर्याय नाही. सफाईच्या भांड्यात मात्र तीन टेकड्या आहेत. फेज तीन ठिकाणी शून्याला जाऊ शकते आणि लूप कुठल्या टेकडीवर बसेल ते चालू करण्याच्या क्षणावर अवलंबून राहतं.

दुसरं, एकाच फ्रिक्वेन्सीवर बसून राहणं इथे फायद्याचं नाहीच. पाण्यात ४० किलोहर्ट्झची तरंगलांबी ३७ मिलिमीटर. लाट पृष्ठभागावरून परतली की उभी लाट तयार होते आणि दर १८ मिलिमीटरला जोराचा पट्टा, मध्ये मृत पट्टा. पेनाचा फीड मृत पट्ट्यात पडला तर तासभर ठेवूनही शाई तशीच. म्हणून ४०.४ च्या दोन्ही बाजूंना काहीशे हर्ट्झ ते एक किलोहर्ट्झ असं सावकाश झुलवत राहा. टेकड्या रुंद आहेत, शक्ती फारशी पडत नाही.

तांब्याचीतार

पट्ट्यांचा मुद्दा मान्य, आणि भांड्यासाठी झुलवणं सोपंही पडेल: मायक्रोकंट्रोलरच्या टायमरमधून दर काही मिलिसेकंदांनी फ्रिक्वेन्सी बदलायची, बस. टायमरचा क्लॉक वेगवान हवा. १६ मेगाहर्ट्झच्या क्लॉकला ४० किलोहर्ट्झ म्हणजे ४०० टिक, एक टिक बदलला की १०० हर्ट्झची उडी. भांड्याला पुरते, हवेतल्या सुईला पुरली नसती. तरी सप्लायचा करंट मोजायची सोय ठेवा. झुलण्याच्या मध्यापाशी करंट सर्वांत जास्त हवा. शिखर कडेला सरकलेलं दिसलं तर मध्य सरकवायचा. हे काम प्रोग्रामलाच चालू होताना करू द्या.

तयार स्वस्त यंत्रांत दोन ट्रान्झिस्टर आणि छोट्या फीडबॅक ट्रान्सफॉर्मरचं स्वतः आंदोलित होणारं सर्किट असतं. मेन्स रेक्टिफाय करतात पण गाळत नाहीत, त्यामुळे शक्ती मेन्सच्या दुप्पट वेगाने चढते-उतरते. त्याचाच तो घरघर आवाज. चढउतारामुळे सरासरी कमी ठेवूनही शिखराला कॅव्हिटेशनची हद्द ओलांडता येते, ही त्यातली जमेची बाजू. तुमच्याकडे प्रोग्राम असल्याने तुम्हीही ठरावीक वेळ चालू, ठरावीक वेळ बंद असं करू शकता.

शाईदौत

२४ व्होल्ट, फुल ब्रिज, १:६, ०.६ मिलिहेन्री, झुलती फ्रिक्वेन्सी असं सगळं जोडलं. चालू करताच फुरफुरणारा, सळसळता आवाज आला आणि पाण्यात धुरकट धागे नाचताना दिसले! मॉस्फेट कोमट. फॉइलला मिनिटाच्या आत भोकं पडली. झुलवणं बंद ठेवून दुसरा फॉइल धरला तर भोकांचे आडवे पट्टे अगदी स्पष्ट, सुमारे १८ मिलिमीटरच्या अंतरावर. झुलवणं चालू केल्यावर पट्टे पुसट झाले.

जुन्या फीडमधून निळ्याकाळ्या शाईचे ढग निघताना बघून किती आनंद झाला, काय सांगू. खरोखर किती शक्ती पाण्यात जातेय ते मोजता येईल का?

लोलक

वा! अभिनंदन.

शक्ती मोजायचा भरवशाचा मार्ग उष्णतेचा. पाण्यात गेलेला ध्वनी शेवटी उष्णताच होतो. भांड्याभोवती जाड कापड गुंडाळा, एक लिटर पाणी मोजून घाला, खोलीच्या तापमानापासून सुरू करा आणि दहा मिनिटांत किती अंश चढतं ते बघा. एक लिटरला ४० वॅट म्हणजे मिनिटाला ०.५७ अंश, दहा मिनिटांत पावणेसहा. तुम्हाला चार अंश मिळाले तर २८ वॅट पोचले. उरलेले ट्रान्सड्यूसर, गोंद, इंडक्टर आणि ब्रिजमध्ये विभागले गेले. थर्मामीटर वाचताना यंत्र बंद करा आणि पाणी ढवळा.

जलतरंग

फार छान काम झालंय. वापरताना इतकं सांभाळा: चालू भांड्यात बोटं घालू नका, फॉइलला जे होतं ते त्वचेखालीही जाणवतं. वस्तू तळाला टेकवू नका, जाळीत लटकवा. तळाशी टेकलेली वस्तू कंपन दाबते आणि घासून तळही खराब होतो. झाकण ठेवा. ४० किलोहर्ट्झ स्वतः ऐकू येत नाही, पण कॅव्हिटेशनमधून निम्म्या फ्रिक्वेन्सीचा आणि इतर बराच आवाज निघतो, जवळ फार वेळ बसलं की कान दुखतात. शिंपल्याचं जडावकाम किंवा चिकटवलेली नक्षी असलेली पेनं, आणि सोन्याचा पातळ मुलामा आधीच उडायला लागलेल्या निब, यात घालू नका. फीड आणि साध्या निबना दोन-तीन मिनिटांचे हप्ते पुरेत, मध्ये पाणी बदला.

कुतूहल

मीही मेन्सचं सर्किट बाजूला ठेवून २४ व्होल्टवर येतोय. एक राहिलं: भांड्यातलं पाणी संपलं किंवा कुणी रिकामंच चालू केलं तर?

तांब्याचीतार

भार गेला की रोध कोसळतो, अनुनाद पुन्हा सुईसारखा होतो आणि झुलती फ्रिक्वेन्सी त्यावरून जाताना दर वेळी करंटची उसळी येते. बोल्टच्या प्रकारात चकत्या लगेच तडकत नाहीत, पण गोंद तापून सुटतो, आणि मॉस्फेटला त्या उसळ्या सोसाव्या लागतात. ब्रिजच्या खालच्या बाजूला छोटा शंट रोध ठेवून करंट वाचा. शिखर नेहमीच्या दीडपट झालं की प्रोग्रामने ब्रिज बंद करायचा आणि हाताने पुन्हा सुरू केल्याशिवाय चालू होऊ द्यायचा नाही. शिवाय ट्रान्सड्यूसरच्या मागच्या स्टीलला ७० अंशांना तुटणारा थर्मल स्विच क्लिपने लावा, चिकटवू नका. मागच्या भागावर चिकटवलेलं वजन फ्रिक्वेन्सी सरकवतं.